भाऊंनी पास केलं नाही

समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे भाऊ कधी पाहत नसत. त्याच्या हातातला लोखंडाचा तुकडा घेत, जोडावरून अंगठा फिरवत, तुकडा उलटा करून एक डोळा मिटून आत बघत आणि म्हणत, "फेकून दे." का फेकायचा, काय चुकलं, हे विचारलेलं त्यांना खपत नसे. कुणी विचारलंच तर म्हणत, "तुले दिसून नाई राह्यलं काय? मंग वेल्डर कायले झाला बे? बँड वाजव." असं ऐकून दुसऱ्या दिवशी न येणारे पुष्कळ होते. त्यांच्याबद्दल भाऊंना अजिबात दुःख नसे.

वरोऱ्याहून चंद्रपूरकडे निघालं की जिनिंग फॅक्टरीच्या समोर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती. शेडमध्ये गेट, खिडक्यांच्या जाळ्या, कूलरचे स्टँड आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व्हायच्या, आणि या सगळ्याबद्दल भाऊंना मनातून तिरस्कार होता. चौदा वर्षं त्यांनी आखातात गॅसच्या पाइपलाइनवर वेल्डिंग केलं होतं. ज्या जोडातून गॅस जातो तो जोड त्यांना जोड वाटायचा. गेटाच्या जोडातून फार तर शेजाऱ्याची शेळी जाते. गेट न्यायला आलेल्या गिऱ्हाईकाने "मजबूत आहे ना, भाऊ?" असं विचारलं की ते म्हणत, "तुह्या घरात चोरण्यासारखं काय हाये, ते सांग पयले."

पण आखातात जायचं असेल तर भाऊंकडे जावं लागतं, हे चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंतच्या आयटीआय झालेल्या पोरांमध्ये माहीत होतं. तिकडे नोकरी द्यायच्या आधी कंपनीचा माणूस येऊन काम करून घेतो आणि तपासतो. त्याला ट्रेड टेस्ट म्हणतात. भाऊ त्या टेस्टची तयारी करून घेत. दिवसभर दुकानाचं काम करायचं आणि चारनंतर पाइपला हात लावायचा, एवढाच त्यांचा नियम.

मी पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यातला. घरी धानाची शेती, दोन बहिणी, आणि वेल्डरचं आयटीआयचं प्रमाणपत्र. ते मी चंद्रपूरला लॅमिनेट करून घेतलं होतं. एका वर्षात मला दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवता येऊ लागल्या होत्या आणि आपण वेल्डर आहोत असं मला मनापासून वाटत होतं. भाऊंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा ते प्रमाणपत्र मी पुढे केलं. त्यांनी ते प्लास्टिकवरून नख फिरवून पाहिलं.

"लॅमिनेट काऊन केलं?"

"खराब होऊ नये म्हणून, भाऊ."

"आता हे खराब व्हाचं नाई. तू मातर आधीचाच खराब हायेस. उद्यापासून ये."

माझ्याबरोबर माझ्या गावचा रवी होता. आम्ही बालवाडीपासून एकत्र. वरोऱ्यात एक खोली घेऊन आम्ही दोघं राहू लागलो.

भाऊंकडे यायच्या आधी आम्ही एका मेळाव्यालाही जाऊन आलो होतो, ते सांगायला हवं. चंद्रपुरातल्या एका मंगल कार्यालयात नागपूरच्या कुठल्याशा एजन्सीने 'परदेशात करिअर' या विषयावर मार्गदर्शन ठेवलं होतं. लग्नाची आरास अजून निघाली नव्हती. नवरानवरीच्या लाल सिंहासनावर एजन्सीचे साहेब बसले होते, ऐन उन्हाळ्यात कोट घालून. भाषण दीड तास चाललं. त्यात 'स्वप्न' हा शब्द इतक्यांदा आला की शेजारचा म्हातारा, जो नातवाबरोबर आला होता, बसल्या जागी झोपी गेला. साहेब म्हणाले, "लोक म्हणतात तिकडे ऊन फार. अरे, चंद्रपूरच्या पोरांना कुणी उन्हाची भीती घालावी?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाइप किती जाडीचा, काम कुठलं, कंपनी कोणती, हे एकानेही विचारलं नाही. आम्हाला एकेक चकचकीत माहितीपत्रक मिळालं. त्यावर एक गोरा माणूस स्वच्छ हेल्मेट घालून हसत होता. त्या माणसाने जन्मात वेल्डिंग केलेलं नाही हे कळायला मला पुढे भाऊंचे सहा महिने लागले.

भाऊ पाइप जमिनीवर ठेवून जोडू देत नसत. भिंतीतल्या एका लोखंडी हाताला तो तिरपा अडकवत, ना आडवा ना उभा, आणि हलवायला बंदी. मग त्याच्याभोवती आपणच वाकायचं, गुडघ्यावर यायचं, पाठीवर पडायचं. ठिणग्या कॉलरमधून आत जात. हात थरथरला की जोड फुगायचा. "पाइप तुह्या सोयीनं नाई फिरत," ते म्हणत, "तिकडे भिताड आधी बांधून ठेवते, अन् मंग वेल्डरले बोलावते." एकदा त्यांनी पाइप भिंतीला इतका चिकटवून बांधला की मागची बाजू दिसेचना. मग घरून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आरसा आणला, मागे टेकवला आणि म्हणाले, "आरशात पाहून जोड." आरशात डावं ते उजवं होतं. मी रॉड भलतीकडे नेत होतो, शेवटी तो पाइपला चिकटून बसला. रवी हसायला लागला. भाऊ त्याला म्हणाले, "तू हस. तुले तं सरळ पाहूनबी जमत नाई."

रवीला खरंच जमत नव्हतं, पण त्याचं त्याला काही वाटत नसे. त्याचा स्वभाव मोकळा होता. भाऊंनी 'फेकून दे' म्हटलं की तो लगेच फेकून द्यायचा आणि चहा प्यायला जायचा. मी तो तुकडा उचलून रात्री उशाशी ठेवायचो. कोण शहाणा होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

इंग्रजीची तयारीही भाऊंच्याच पद्धतीची होती. आम्ही बसस्टँडजवळच्या एका क्लासला जात होतो. तिथले सर आम्हाला दाराबाहेर उभं करून 'मे आय कम इन सर' म्हणायला लावत आणि आत घेऊन 'माय हॉबी इज रीडिंग' म्हणायला लावत. भाऊंना हे कळलं तेव्हा त्यांनी ग्राइंडर बंद केला.

"कोन वाचते बे पुस्तकं? तू?"

"तसं म्हणायचं असते, भाऊ. इंटरव्ह्यूत."

"तिकडे कोनी तुह्या दारात उभा राह्यची वाट नाई पाहत. तिकडे टाकीत उतर म्हनते. उतराच्या आधी 'गॅस टेस्ट?' इचारता आलं पायजे. नाई इचारलं तं वरून दुसरा उतरते, तुले काढाले." मग म्हणाले, "पयला शब्द शिक, 'नो'. दुसरा शिक, 'शो पेपर'. बाकीचं सायंकाळी चहा पितापिता येते आपोआप."

भाऊंना स्वतःला चाळीसएक इंग्रजी शब्द येत. त्यातला एकही शब्द छंदांबद्दल नव्हता. पण टाकीत उतरलेल्या कुणाची तरी आठवण त्यांच्या त्या वाक्यात होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि त्यांनीही पुढे कधी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई आली. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. पाहुणे येतात, नाटक ठरतं, लग्नाच्या मुली दाखवल्या जातात, सगळं गाव रस्त्यावर असतं. मी दोन दिवसांची सुट्टी मागितली. भाऊ म्हणाले, "जाऊ नको."

"भाऊ, मंडई हाये."

"तू तिकडे गेल्यावरबी मंडई येईन. तारखेले येईन. तू नाई येणार. त्या दिवशी तू काय करशीन ते आता करून पाह्य."

रवी गेला. मी गेलो नाही. आईचा फोन आला तर तिला खोटं सांगितलं की कामाची घाई आहे. दिवसभर जाळ्या घासल्या आणि भाऊंना मनात शिव्या दिल्या. संध्याकाळी काकू डब्यात अनारसे घेऊन आल्या. त्यांचं घर वरोऱ्यातच होतं. बोलायच्या कमी, पण बोलल्या की नेमकं. मी कुरकुरलो, की भाऊ एकदाही चांगलं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "मले कुठी पास केलं बाबू? चाळीस वर्षं झाली, वरणात मीठ कमीच हाये. अन् खाते तं दोनदा." भाऊ ऐकत होते. ते म्हणाले, "कमीच असते."

हिवाळा संपता संपता त्याच नागपूरच्या एजन्सीचा फोन आला. ट्रेड टेस्ट होती. भाऊंनी आम्हाला 'अजून चार महिने नाई' असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही त्यांना न सांगताच गेलो. नागपूरच्या बाहेर एका वर्कशॉपमध्ये तीसेक पोरं होती. एकाने पाइप दिला, जमिनीवर ठेवून जोडायला सांगितला. वीस मिनिटांत मोकळा. टाय लावलेला एक माणूस आला, जोडाकडे लांबून पाहिलं, मोबाइलवर बोलत बोलतच म्हणाला, "पास." रवी पास. मी पास. तीसच्या तीस पास. गावी फोन केले. आम्ही परत यायच्या आधी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर विमान होतं, आणि विमानापेक्षा आमची तोंडं मोठी होती. खाली शुभेच्छुकांची अशी रांग होती की त्यातल्या निम्म्यांशी आमचं बोलणंही नव्हतं.

मी टेस्टचा तुकडा आठवण म्हणून मागून आणला होता. पेढ्यांचा पुडा आणि तो तुकडा घेऊन शेडमध्ये गेलो. माझ्या मनात काय होतं ते आता कबूल करतो. मला भाऊंना हरलेलं पाहायचं होतं.

त्यांनी पेढ्यांकडे पाहिलं नाही. तुकडा घेतला, अंगठा फिरवला, आत पाहिलं. मग करवतीने जोडावरून बोटभर रुंदीची पट्टी कापून काढली, ती वाइसमध्ये घट्ट धरली आणि हातोडीने वाकवायला लागले. तिसऱ्या घावाला जोड उघडला. आतलं लोखंड एकमेकांना धरूनच नव्हतं, वरून नुसता लेप होता.

"हे कोनं पास केलं?"

"कंपनीच्या माणसानं."

"हे पास करनारा माणूस दोनच प्रकारचा असू शकते. एक, त्याले वेल्डिंग कळत नाई. मंग तो टेस्ट घ्याले काऊन आला?" त्यांनी पट्टी वाइसमधून काढून माझ्या हातात दिली. ती अजून कोमट होती. "दोन, त्याले कळते, पण त्याले वेल्डर नाई पायजे. त्याले फक्त माणूस पायजे. तुले वेल्डर म्हनून नाई नेऊन राह्यले ते."

"तीस जण पास झाले, भाऊ."

"तेच सांगून राह्यलो."

मी चिडलो. आजवर जे बोललो नव्हतो ते सगळं बोललो. तुम्हाला कुणी पुढे गेलेलं पाहवत नाही, तुम्ही स्वतः परत येऊन कूलरचे स्टँड करत बसलात म्हणून आम्हीही तेच करावं असं तुम्हाला वाटतं, असंही म्हणालो. भाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाय ना. मी कुठी तुह्या पासपोर्टवर बसलो?" आणि ग्राइंडर सुरू केला. त्या आवाजात भांडण पुढे चालू ठेवता येत नाही. ते त्यांना चांगलं माहीत होतं.

दोन दिवसांनी मी आणि रवी पासपोर्ट जमा करायला नागपूरच्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, थंड हवा, टेबलावर प्लास्टिकची फुलं, आणि भिंतीवर तोच हेल्मेटवाला गोरा. टेबलापलीकडचा पोरगा आमच्याच वयाचा होता. रवीने पासपोर्ट दिला आणि सही केली. माझा पासपोर्ट माझ्या हातात होता. भाऊंचा राग डोक्यात होता, पण ती उघडलेली पट्टीही डोक्यात होती.

मी विचारलं, "पाइप किती इंची आहे? काम प्लांटमध्ये आहे की लाइनवर?"

तो हसला. "अरे दादा, ते तिथे गेल्यावर सांगतील."

"करारात वेल्डर लिहिलंय?"

"व्हिसावर वेगळं असतं. ते सगळ्यांचं तसंच असतं. टेन्शन नका घेऊ."

"कागद दाखवा."

'शो पेपर' मी मराठीत म्हटलं, एवढाच फरक. त्याने ड्रॉवर उघडला, बंद केला, आतल्या केबिनकडे पाहिलं आणि म्हणाला की कागद विमानतळावर मिळतील. मी पासपोर्ट खिशात ठेवला. बाहेर जिन्यात मी त्याला म्हणालो, तुझाही परत घे. तो म्हणाला, "गावात फ्लेक्स लागला हाये बे. आता परत कोनत्या तोंडानं जाऊ?" तो चांगला मुलगा होता, आणि एका फ्लेक्ससाठी गेला. मी त्याला हाताला धरून ओढून आणायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मला बस गाठायची होती.

गावात माझी जी शोभा झाली ती सांगत बसत नाही. रवीच्या निरोपाला ढोल वाजले. माझ्या तोंडाच्या फ्लेक्सखालून लोक जात आणि विचारत, "काऊन बे, भेला काय?" बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जे शुभेच्छुक म्हणून फ्लेक्सवर छापले गेले होते, ते आता मी कसा कच्चा निघालो हे पानठेल्यावर सांगत. पुढच्या हंगामात तो फ्लेक्स काढून एकाने कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यावर झाकायला घेतला. आमच्या तोंडांचा तेवढा तरी उपयोग झाला.

मी शेडमध्ये परत गेलो. बरोबर केलंस, असं काहीतरी भाऊ म्हणतील अशी मला आशा होती. त्यांनी एक गंजलेला पाइप माझ्यापुढे ढकलला आणि म्हणाले, "घास."

सात महिन्यांनी रवी आला. त्याला तिकडे एका गोदामात ठेवलं होतं, बर्फाहून थंड. गोठवलेल्या कोंबड्यांची खोकी उचलायची आणि रचायची. बाहेर वाळवंट तापलेलं, आणि आत चंद्रपूरचा पोरगा दोन स्वेटर घालून कुडकुडतोय. वेल्डिंगचा रॉड त्याने तिथे पाहिलाही नाही. पासपोर्ट मालकाकडे. बरोबरच्या काही जणांनी वकिलातीत तक्रार केली म्हणून सुटका झाली. गावात तो आला तेव्हा ढोल वगैरे नव्हते. चार दिवस घराबाहेर पडला नाही. मग मी त्याला मोटारसायकलवर बसवून शेडमध्ये आणलं.

मला वाटलं होतं, आता भाऊ त्याला सोलून काढतील. ज्याला कधी धड जमलं नाही, ज्याने ऐकलं नाही, तो समोर मान खाली घालून उभा. भाऊंनी त्याचे हात हातात घेतले. बोटांची कातडी फाटून पुन्हा जुळली होती, नखं काळी. त्यांनी एकेक बोट वाकवून पाहिलं, जसा जोड पाहत तसंच.

"वाकते काय पूर्ण?"

"सकाळी दुखते, भाऊ."

"जेवला?"

"नाई."

भाऊ मला म्हणाले, "त्याले काकूकडे घेऊन जाय. अन् आल्यावर त्याले वेल्डिंगची काच दे. सोमवारी ट्रॉलीचं काम हाये, एकट्यानं होत नाई." बस, एवढंच. त्यानंतर रवी त्या शेडमध्ये राहिला तो राहिलाच. गेट, जाळ्या, ट्रॉल्या. भाऊ त्याच्या जोडांना नावं ठेवत राहिले आणि तो चहाला जात राहिला. नागपूरला कुणी सही केली आणि कुणी नाही याबद्दल माझ्या देखत एकदाही शब्द निघाला नाही.

मी गेलो तो त्याच्यापुढच्या पावसाळ्यात. या वेळची टेस्ट मुंबईत होती. तिरपा पाइप, हलवायला बंदी, मागे भिंत. टेस्ट घेणारा माणूस शेवटपर्यंत शेजारी उभा होता, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी जोडाचा एक्स-रे काढला. चौदा जणांपैकी आम्ही तिघं उरलो. करार पोस्टाने आला तो घेऊन भाऊंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचला. इंग्रजी पूर्ण कळत नव्हतं, पण कुठे अडायचं ते कळत होतं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे 'अदर ड्यूटीज' काय होय? याले इचार." मी कंपनीला विचारलं. उत्तर लेखी आलं. ते त्यांनी करारालाच टाचून ठेवायला लावलं.

निघायच्या आदल्या दिवशी पाया पडायला गेलो. शेडमध्ये गेटाला रंग देणं चाललं होतं. भाऊ म्हणाले, "हातले रंग हाये, पाया पडू नको." मग म्हणाले, "घरी फोनवर कमी सांगजो. इथून कोनी काई करू शकत नाई, फक्त झोप उडते. अन् भात स्वतः शिजवजो, मेसचा खाऊ नको." स्टँडवर सोडायला रवी आला, काकू आल्या. भाऊ आले नाहीत. काकू म्हणाल्या, "त्यायले काम हाये." रवीने माझ्याकडे पाहून डोळा मारला. त्या दिवशी शेडला कुलूप होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

दीड वर्षाने सुट्टीवर आलो तेव्हा भाऊ खाटेवर होते. छातीत धूर बसला होता, चौदा वर्षांचा आणि त्यानंतरचाही. आवाज बारीक झाला होता, तिरस्कार शाबूत होता. मी खजुराचा डबा नेला होता. "खजूर आनले? माह्या बांधावर काय शिंदीची झाडं नाईत?" मग एकेक करत पाच खाल्ले आणि बिया मोजून काकूंच्या हातात दिल्या. मी कंपनीचं, कॅम्पचं काही काही सांगत होतो. ते डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "टाकीत उतरतेस?"

"कधी कधी."

"इचारतेस?"

"दर वेळेस, भाऊ."

त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली. मी बराच वेळ पायाशी बसून राहिलो. मग मला जावं लागलं, विमान होतं.

पुढच्या मार्चमध्ये सकाळी रवीचा फोन आला. भाऊ गेले. अंत्ययात्रा दुपारी होती. मी जाऊन पोचणं शक्यच नव्हतं, तरी कॅम्पच्या ऑफिसात गेलो. घरचं कुणी गेलं तर आठ दिवसांची रजा मिळते, तेरवीला तरी पोचता आलं असतं. कारकुनाने फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता: मृताशी नातं. बाप नव्हते, काका नव्हते, सासरे नव्हते. गुरू असा शब्द त्या माणसाने स्वतःबद्दल ऐकला असता तर मला शेडबाहेर काढलं असतं. शेवटी, आम्ही त्यांना जे म्हणत होतो तेच इंग्रजीत लिहिलं, 'ब्रदर'.

कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये माझी फाइल उघडली. "ब्रदर?" तो म्हणाला. "तुम्हारे पेपर में ब्रदर नहीं है. दो सिस्टर है."

तो बरोबर होता. कागद भरताना मी सगळं खरं लिहिलं होतं. मी फॉर्म परत घेतला.

दुपारी पाइपवर आलो. त्या दिवशी केलेला जोड दुसऱ्या दिवशी एक्स-रेला गेला आणि नापास होऊन आला. इथे आल्यापासूनचा माझा पहिला. इन्स्पेक्टरने फिल्म उजेडासमोर धरून काळा डाग कुठे आहे ते मला बोटाने दाखवलं. मी ग्राइंडर घेतला, सगळा जोड कापून काढला, कडा पुन्हा घासल्या आणि पाठीवर पडून पहिल्यापासून भरायला लागलो.